नाव आणि नांव

मराठींत ‘नाव’ आणि ‘नांव’ असे दोन शब्द आहेत. पहिला संस्कृत ‘नौ’ या शब्दापासून आला. तो पाण्यावर तरणाऱ्या वस्तूचा वाचक आहे. दुसरा ‘नामन्’पासून आला; तो कोणत्याहि वस्तूला अथवा मनुष्याला ओळखण्याची खूण आहे. ‘नामन्’मधील अनुनासिकाचा अवशेष म्हणून जुने लेखक या दुसऱ्या शब्दावर एक बिंदु देत, आणि तेवढ्यानें दोहोंतील भेद डोळ्यांस दिसे. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले. ज्या अनुस्वाराचा उच्चार होत नाहीं तो लिहूं नये असें ठरलें, आणि तेव्हांपासून हे दोन शब्द छापील पानावर एकरूप झाले. या सुधारणेविरुद्ध आमची तक्रार नाहीं. मुलांचे श्रम वाचले, छापखान्याचे खिळे वाचले, आणि संदर्भावरून अर्थ कळतोच. तथापि ज्या विषयावर आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत त्यांत हा बिंदु हाताशीं असणें सोयीचें आहे. म्हणून आजोबांच्या पुस्तकांतून शिकलेली जुनी लेखनपद्धति आम्हीं या लेखापुरती पत्करली आहे. वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

विषय असा: एखाद्या वस्तूला तिच्या खऱ्या नांवानें ओळखणें हा केवळ ज्ञानाचा प्रश्न आहे, कीं त्यांत कांहीं नीतीचाहि प्रश्न आहे? ज्याला वस्तूचें नांव ठाऊक नाहीं तो अज्ञ होय, हें उघड आहे. परंतु तो अपराधीहि असूं शकतो काय? सकृद्दर्शनीं हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. आम्हांसहि तो बरीच वर्षें तसाच वाटे. पुढील प्रसंगानें आमचें मत बदललें.

आम्ही ज्या कॉलेजांत तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकवितों तेथें, सुमारें वीस वर्षांपूर्वीं, मराठीचे अध्यापक रजेवर गेल्यामुळें पहिल्या वर्षाचे निबंध तपासण्याचें काम कांहीं दिवस आमच्याकडे आलें होतें. विषय नेहमींचाच होता: ‘माझें घर’. किनाऱ्याकडील एका विद्यार्थ्याच्या वहींत असें वाक्य होतें: “आषाढांत आजोबांचा पगार गेला, आणि त्याच वर्षीं बाबा मुंबईस आले.” आम्हीं ‘पगार’ या शब्दाखालीं तांबड्या शाईनें रेघ ओढली, आणि समासांत लिहिलें कीं, आजोबांची नोकरी कोणती होती व ती कां गेली हें सांगितलेलें नाहीं, वाक्यांत कार्यकारणसंबंध नाहीं. दोन गुण कापले. विद्यार्थी वही घेऊन गेला. त्यानें कांहीं विचारलें नाहीं; आम्हींहि कांहीं विचारलें नाहीं.

पुढें कित्येक वर्षांनीं शिवकालीन आरमाराविषयीं वाचीत असतां, बखरींतील तारवांच्या यादींत, गुराब, तरांडें, गलबत, शिबाड, मचवा यांच्या पंक्तीस बसलेला ‘पगार’ आमच्या दृष्टीस पडला. महिन्याच्या वेतनाचा ‘पगार’ आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. हा दुसरा पगार म्हणजे झाडाच्या ओंडक्यांतून कोरून काढलेली लहान होडी. हातांतलें पुस्तक तसेंच उघडें राहिलें. आषाढांत, म्हणजे समुद्र खवळलेला असतांना, एका म्हाताऱ्याची होडी गेली. घराचें पोट जिच्यावर चालत होतें ती वस्तु गेली. म्हणून मुलानें गांव सोडलें. वाक्यांत कार्यकारणसंबंध पुरेपूर होता. तो समजण्याची पात्रता मात्र तपासणाराच्या ठिकाणीं नव्हती.

हा धक्का बसल्यावर आम्ही या नांवांकडे थोडें लक्ष देऊन पाहूं लागलों. शहरांतील मनुष्याला ‘होडी’ या एका शब्दानें भागतें. किनाऱ्यावरील मनुष्याला भागत नाहीं. आणि त्याचें कारण शब्दांची हौस हें नसून पाण्याचे प्रकार हें आहे. खाडीचें पाणी उथळ आणि संथ असतें. तेथें एकाच खोडाची कोरीव डोणी चालते, आणि ओहोटीच्या वेळीं ती चिखलांत बसली तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. तीच अरुंद डोणी समुद्राच्या लाटांवर कलंडेल. म्हणून रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत अशा होडीच्या एका अंगाला, थोड्या अंतरावर, दोन आडव्या दांड्यांनीं एक लांकूड बांधतात. तें पाण्यावर तरंगतें व होडीचा तोल सांभाळतें. त्यास उलांडी म्हणतात. मालवणाकडे व गोव्यांत, जेथें पुळणीवर लाट फुटते आणि होडी वाळूवरून आंत लोटावयाची असते, तेथें रापणीची मोठी होडी लागते. तिच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकीत नाहींत. काथ्याच्या दोरीनें शिवतात. ठोकलेला सांधा तडाख्यासरशीं सुटण्याचें भय असतें. शिवलेला सांधा लाटेबरोबर थोडा लवतो आणि पुन्हा बसतो. खोल पाण्यांत जावयाचें तर मचवा पाहिजे. त्याला तळाशीं कणा असतो, नाळ पुढें झुकलेली असते, आणि तो शिडाच्या जोरावर जातो. माल चढवावयाचा-उतरावयाचा तर पडाव. दूरच्या बंदरीं व्यापारास जावयाचें तर शिबाड.

लढाऊ तारवांविषयींहि हीच गोष्ट. आंग्र्यांच्या काळचीं मापें अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार ऑर्म यानें दिलीं आहेत. गुराब १५० पासून ३०० टनांपर्यंतची असे. गलबत सहसा ७० टनांच्या वर नसे, परंतु त्याला ४० ते ५० वल्हीं असत. वारा पडला म्हणजे जड गुराबेला या चपळ गलबतांनीं ओढून न्यावें, अशी योजना होती. आज आपण कोणत्याहि मोठ्या जहाजाला खुशाल ‘गलबत’ म्हणतों. ज्याचा सर्व गुण लहानपणांत होता त्याचें नांव आपण मोठेपणास लावलें.

तात्पर्य, यांतील प्रत्येक नांवांत पिढ्यांचा अनुभव आटवून भरलेला आहे. नांव घेतलें कीं पाणी किती, वारा कोणता, माणसें किती आणि जावयाचें किती दूर, हें सर्व न सांगतां सांगितलें जातें. एका जातीच्या होडीला दुसऱ्या जातीच्या पाण्यांत घालणें ही तेथें व्याकरणाची चूक नसते. ती जिवावर बेतणारी चूक असते.

हे शब्द किनाऱ्यावरच राहिले असेंहि नाहीं. पळसाच्या पानांचा द्रोण, गुरांना पाणी पाजण्याची डोण आणि खाडींतील डोणी हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें आहेत. नदी ओलांडण्याची जी ‘तर’, तिच्याच धातूपासून ‘तारूं’ झालें, आणि ‘तारणें’ हा शब्दहि झाला, ज्यावांचून आपल्या भक्तिवाङ्मयाचें पान हलणार नाहीं. देवघेव परक्यांशींहि झाली. गुराब अरबी भाषेंतून आली. तेथें त्या शब्दाचा अर्थ कावळा. उलट इंग्रजांनीं आपल्या देशांतून ‘डिंगी’ नेली आणि तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेलीं लांकडें, त्याचें ‘कॅटॅमरॅन’ केलें.

या सर्वांत आम्हांस ‘सांगड’ हा शब्द विशेष बोलका वाटतो. दोन होड्या किंवा ओंडके शेजारींशेजारीं बांधून केलेला तरता आधार म्हणजे सांगड. मूळ संस्कृत शब्द ‘संघाट’. एकट्या होडीला न पेलणारें ओझें सांगड पेलते. मल्याळम् भाषेंत हाच शब्द ‘चंगाडम्’ झाला. तो पोर्तुगीजांनीं ‘जंगाडा’ म्हणून उचलला, आणि त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून तो ब्राझीलच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या तराफ्याचें नांव होऊन बसला. गोव्यांत २९ जूनला, संत पेद्रूच्या सणास, ख्रिस्ती कोळी होड्या जोडून ‘सांगोड’ काढतात. कुंभारजुव्यास गणपतीच्या विसर्जनाला हिंदु लोकहि जोडलेल्या होड्यांवर सांगोड काढतात. आणि इकडे आम्ही ‘विज्ञान व अध्यात्म यांची सांगड’ या विषयावर कॉलेजांत व्याख्यानें देतों. सांगड होड्यांची असते हें श्रोत्यांपैकीं कोणास ठाऊक नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर वक्त्यासहि नव्हतें. ज्यांच्या श्रमांतून शब्द जन्मास आला त्यांची आठवण बुजली. शब्द मात्र आमच्या कामास येत राहिला.

आतां या विचाराविरुद्ध जें म्हणतां येईल तेंहि प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, सामान्य शब्द हाच सर्व विचारांचा पाया आहे. प्रत्येक झाडाला निराळें नांव देत बसणाराला ‘वृक्ष’ ही कल्पनाच सुचणार नाहीं. पंचवीस नांवांच्या जागीं ‘होडी’ हें एक नांव आलें तर ती बुद्धीची प्रगति मानावी. तिच्यावर रडूं नये. दुसरा आक्षेप असा कीं, मूळ वस्तूच उरल्या नाहींत. आज किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आहेत आणि त्यांना यंत्रें बसविलेलीं आहेत. लांकडी होडीला काजूच्या टरफलाचें तेल चोपडावें लागे, कीड संभाळावी लागे, आणि एका होडीसाठीं एक डेरेदार झाड पडे. कोळ्याच्या मुलानें हें सर्व आनंदानें सोडलें. वल्हें मारून त्याच्या बापाच्या खांद्यांची काय दशा झाली होती, तें त्यानें पाहिलेलें असतें. तिसरा आक्षेप अधिक झोंबणारा आहे. जुन्या शब्दांसाठीं हळहळणें ही सुखवस्तु लोकांची स्वस्त करमणूक आहे. शब्दांवर अश्रु ढाळले म्हणजे माणसांसाठीं कांहीं करावें लागत नाहीं.

दुसरा व तिसरा आक्षेप आम्हांस जवळजवळ पूर्णपणें मान्य आहेत. ‘जुनी होडी सोडूं नको’ असें कोळ्याला सांगण्याचा अधिकार खुर्चींत बसलेल्या प्राध्यापकाला नाहीं. वस्तु गेली म्हणजे तिचें नांवहि काळाच्या ओघांत जाईल. त्यास कोशांत जागा मिळाली तर उत्तम, न मिळाली तर तो कोणाचा गुन्हा नव्हे. आमचा प्रश्न शब्दांच्या आयुष्याचा नाहीं. तो आमच्या तांबड्या रेघेचा आहे.

पहिल्या आक्षेपांत मात्र दोन भिन्न गोष्टी एकत्र झाल्या आहेत. भेद पाहून, ते तोलून, मग त्यांतील समान अंश वेगळा काढणें हा एक व्यापार. आणि भेद कधीं पाहिलेच नाहींत म्हणून सर्वांस एक मानणें हा दुसरा. बाहेरून दोन्हींचा शब्द एकच असतो. ‘होडी’ असें तांडेलहि म्हणतो आणि आम्हीहि म्हणतों. परंतु तांडेलाच्या ‘होडी’मागें डोणी, पगार, मचवा, पडाव अशा कित्येक होड्या उभ्या असतात, आमच्या ‘होडी’मागें शाळेच्या पुस्तकांतलें एक चित्र असतें. पहिला शब्द ज्ञानाचें फळ आहे. दुसरा शब्द म्हणजे न पाहण्याची संवय; ती व्यापक विचारासारखी दिसते एवढेंच.

तरी केवळ न पाहणें हा अपराध होत नाहीं. जगांतील सर्व वस्तु पाहण्यास कोणाचेंहि आयुष्य पुरणार नाहीं. अपराध सुरू होतो तो अशा न पाहणाऱ्या मनुष्याच्या हातीं जेव्हां निवाडा येतो तेव्हां. परीक्षक, अंमलदार, कायदा करणारा, घरचा मालक, यांचें अज्ञान त्यांच्यापुरतें राहत नाहीं. तें दुसऱ्याच्या पदरांत पडतें.

याचीं उदाहरणें होड्यांच्याच जगांतून देतां येतात. अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त आरमाराचें एक प्रकरण आहे. तारवांना लांकूड पाहिजे, आणि सरकारच्या हातीं कुऱ्हाड आहे. सुताराच्या दृष्टीनें लांकूड तें लांकूड. परंतु आज्ञापत्र भेद करतें. अरण्यांतील सागवानादि झाडें परवानगीनें तोडून न्यावींत. आंबे, फणस यांचें लांकूडहि तारवांच्या उपयोगाचें आहे, पण त्यांस हात लावूं नये. कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या मुलांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें जुनें झाड घ्यावयाचें झालेंच तर धन्याला राजी करून व मोल देऊनच घ्यावें. ज्यानें हें लिहिलें त्याला ‘झाड’ हा शब्द पुरेसा वाटला नाहीं. तो त्याला पुरेसा वाटला असता, तर कोंकणांतील किती परसांतील आंबे आरमाराच्या कामीं आले असते!

दुसरें उदाहरण आपल्याच काळाजवळचें आहे. रापण हें एका धन्याचें जाळें नव्हे. कित्येक कुटुंबांनीं मिळून तें किनाऱ्यावरून ओढावयाचें आणि मिळालेल्या माशांचे वांटे करावयाचे, अशी ती रीत आहे. पुढें यांत्रिक ट्रॉलर आले व किनाऱ्याजवळचें पाणी खरवडूं लागले. गोव्यांत १९७० नंतरच्या दशकांत रापणकारांनीं त्याविरुद्ध मोठें आंदोलन केलें. मासे पकडणारी ती मासेमारी नौका, एवढाच अर्थ धरला तर ट्रॉलरहि नौका आणि रापणीची होडीहि नौका; मग तक्रार कसली? १९८० सालीं गोव्यासाठीं व १९८१ सालीं महाराष्ट्रांत सागरी मासेमारीच्या नियमनाचे कायदे झाले. त्यांत ‘नौका’ या एका शब्दानें भागलें नाहीं. कोणत्या जातीच्या नौकेनें किनाऱ्यापासून किती दूर राहावें, असा विचार करावा लागला. त्यानें सर्व तंटे मिटले असें नाहीं. परंतु न्यायाची पहिली पायरी म्हणून कायद्याला तोच भेद करावा लागला, जो किनाऱ्यावरील पोराच्या तोंडीं आधींपासून होता.

तिसरें उदाहरण आपल्या घरांतलें आहे, म्हणून सांगणें जड जातें. मुंबईच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडांत एके काळीं कोंकणांतून आलेल्या घरगड्याला, त्याचें खरें नांव कांहींहि असो, ‘रामा’ म्हणण्याचा प्रघात होता. एक रामा गेला, दुसरा रामा आला. यांत द्वेष नसे. कित्येक घरांत माया असे, सणाला कपडे असत, आजारांत औषध असे. परंतु बारशाच्या दिवशीं ज्याच्या कानांत एक विशिष्ट नांव सांगितलें गेलें, त्याला आपण जातीचें नाम दिलें, आणि तें आपल्या सोयीसाठीं दिलें. त्याच्या घरीं डोणी होती कीं मचवा, तो विकला कीं बुडाला, हें आपण कसें विचारणार? त्याचेंच नांव आपण विचारलें नव्हतें. नाव आणि नांव या दोहोंची सांगड आम्हांस येथें दिसते. त्या विद्यार्थ्याचे बाबा मुंबईस येऊन पुढें काय झाले, हें वहींत लिहिलेलें होतें कीं नाहीं, हें आज आम्हांस आठवत नाहीं. त्या वेळीं आमचें लक्ष गुण मोजण्यांत होतें.

यावरून आम्ही ज्या निर्णयास आलों तो लहानसाच आहे. सर्व नांवें जाणणें हें कोणाचें कर्तव्य नाहीं. जुनीं नांवें जिवंत ठेवणें हेंहि, आमच्या मतें, सर्वांचें कर्तव्य नाहीं. परंतु दुसऱ्याच्या तोंडीं न कळणारा शब्द आला असतां, तो चुकला असें ठरविण्यापूर्वीं त्याला विचारणें, हें मात्र कर्तव्य आहे. आणि ज्याच्या हातीं निवाडा आहे त्याचें तें दुप्पट कर्तव्य आहे. अज्ञान असणें हा दोष नव्हे. अज्ञान असतांना दुसऱ्याच्या आयुष्याचें व्याकरण तपासावयास बसणें हा दोष आहे. आमचा तो दोष होता. ते दोन गुण आतां परत देतां येत नाहींत. वही कोठें गेली हें ठाऊक नाहीं, आणि विद्यार्थीहि आतां चाळिशीच्या घरांत आला असेल.

तेव्हांपासून आम्हीं एवढाच नियम केला आहे कीं, शब्द अडला तर त्याखालीं शिसपेन्सिलीनें प्रश्नचिन्ह करावें आणि लिहिणाराला बोलावून विचारावें. गेल्या वर्षीं एका मुलीच्या टांचणांत “आज भांग, म्हणून वडील घरीं होते” असें वाक्य आलें. पूर्वींचे आम्ही असतों तर समासांत व्यसनांच्या दुष्परिणामांवर चार ओळी लिहिल्या असत्या! आम्हीं तिला बोलावून अर्थ विचारला. तिला प्रथम आश्चर्य वाटलें. मग ती म्हणाली, “सर, अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी अगदीं मंद असते, तेव्हां भांग म्हणतात. आमच्या जाळ्याला पाण्याची ओढ लागते. भांग असली कीं जाळें टाकून उपयोग नसतो.” आम्हीं आणखी दोन प्रश्न विचारले. तिनें टेबलावरील कागद ओढून घेऊन त्यावर चंद्र काढला, पाण्याच्या रेषा काढल्या, आणि आम्हांस नीट समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितलें.

सांगत असतांना ती ताठ उभी होती, आणि तिचा आवाज वर्गांत कधीं ऐकला नव्हता इतका स्पष्ट होता. वीस वर्षांपूर्वींच्या त्या मुलाला असें उभें राहण्याची संधि आम्हीं दिली नव्हती.